दृढीकरणानंतरची पन्नास वर्षं : प्रौढ विश्वासणाऱ्यांसाठी टिकणारा नियम कसा आखावा?

उपासक_नगर

ख्रिस्तात सलाम.

रविवारच्या शाळेला धडे आहेत, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला प्रश्नोत्तरं आहेत, तरुण संघाला मे महिन्यातली शिबिरं आहेत. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलेला माणूस पुढची पन्नास-साठ वर्षं विश्वासात कसा वाढणार, याची आखणी सहसा कुठल्याच मंडळीत होत नाही. रविवारची उपासना, ईस्टरआधीचा उपवासकाळ, कापणीचा सण, नाताळ, आणि पुन्हा तेच. पन्नाशीतले पुष्कळजण विशीत करत होते तीच प्रार्थना त्याच शब्दांत करतात, आणि ते त्यांनाही खटकतं.

प्रौढांच्या गटासाठी रोजच्या वाचन-प्रार्थनेचा एक लेखी नियम तयार करायचा आहे. गटात ३५ ते ७५ वयाचे लोक असतील : शेतकरी, शिक्षक, शिफ्टमध्ये काम करणारे, घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बायका. चार गोष्टींवर नेमकं सांगा. बायबल किती वाचावं, म्हणजे ते मध्येच सुटणार नाही? प्रार्थना कोरडी पडली तर काय करावं? वाढ होते आहे की नाही, हे कशावरून ओळखावं? आणि वय, प्रकृती, घरची परिस्थिती बदलेल तसा नियम कसा बदलावा?

भार प्रभूवर टाकावा हे सगळ्यांनाच मान्य आहे. रोज सकाळी उठून काय करायचं, ते हवं आहे.

---

शब्दसेवक

वाचनापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा नियम तिथेच मोडतो आणि तो का मोडतो ते आकड्यांत स्पष्ट दिसतं.

प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत. जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. वर्षात सगळं वाचायचं तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. १ जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला माणूस उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय जानेवारीतच संपवतो आणि महिनाअखेरीस लेवीयातल्या यज्ञविधींत येऊन पोचतो. नेमकं तेव्हा घरात लग्न किंवा आजारपण निघतं. चार दिवस चुकले की तेरा अध्याय मागे. ते भरून काढायला रात्री झोप मोडून सात-सात अध्याय उरकले जातात, डोळ्यांखालून अक्षरं जातात, मनात काही राहत नाही, आणि पंधरा दिवसांत बायबल पुन्हा कपाटात. या माणसाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला दिलेलं मापच चुकीचं होतं.

प्रौढ गटासाठी तीन वर्षांचं माप घ्या. त्याचा हिशेब फार सुबक बसतो. आठवड्यात पाच दिवस रोज नव्या कराराचा एक अध्याय वाचला, तर बावन्न आठवड्यांत २६०, म्हणजे वर्षात नवा करार बरोबर एकदा. जुन्या करारातून स्तोत्रसंहिता वेगळी काढली की ७७९ अध्याय उरतात. त्याच गतीने रोज एक, तर तीन वर्षांत ७८०. स्तोत्र मात्र सातही दिवस, रोज एक. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, पण त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग मुळातच आहेत. दिवसाला एक भाग घ्या. म्हणजे १७१ दिवसांत स्तोत्रसंहिता पूर्ण, वर्षात दोनदा, वर तेवीस दिवस मोकळे. दोन अध्याय आणि एक स्तोत्र सावकाश वाचायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. शनिवार राहिलेलं वाचायला ठेवा, रविवार मंडळीतल्या वाचनाला.

राहिलेल्या भागाचा नियम सुरुवातीलाच ठरवून कागदावर लिहा : शनिवारी जेवढं भरून निघेल तेवढं भरा, बाकीचं सोडा, आणि सोमवारी तक्त्यातला सोमवारचाच अध्याय उघडा. तीन वर्षांनी तो भाग पुन्हा येणार आहे. हे एक कलम नसेल तर उत्तमातला उत्तम तक्ता वाया जातो.

क्रमाबद्दल थोडं. जुना करार सलग वाचला तर संदेष्ट्यांची सगळी पुस्तकं शेवटी एकदम येतात आणि तिथे लोक थकतात. म्हणून इतिहासाचं मोठं पुस्तक झालं की एक छोटं घ्या : रूथ ४ अध्यायांचं, योना ४, हबक्कूक ३. लेवीय चालू असताना नव्या करारातून इब्री लोकांस पत्र लावा. त्याचे ८ ते १० हे अध्याय शेजारी ठेवल्याशिवाय यज्ञांचा भाग ख्रिस्ती वाचकाच्या हाती लागत नाही. यिर्मया सुरू करण्याआधी दुसरे राजे २२ ते २५ वाचून घ्या, नाहीतर कोण राजा आणि कुठला वेढा हेच कळत नाही.

आणि फोनवर येणारं रोजचं वचन हे वाचन धरू नका. यिर्मया २९:११ घराघरांत भिंतीवर असतं. त्याच्या आदल्याच वचनात बाबेलमध्ये सत्तर वर्षं काढायला सांगितली आहेत, ते भिंतीवर नसतं. संदर्भाशिवाय घेतलेलं अभिवचन संकटात हातातून निसटतं, आणि मग देवानेच शब्द मोडला असं माणसाला वाटतं. हे नुकसान खरं आहे आणि फार खोल जातं.

प्रार्थनेला वेगळी पंधरा मिनिटं. आधी दोन मिनिटं गप्प बसणं. मग त्या दिवसाचं स्तोत्र मोठ्याने, कारण डोळ्यांनी वाचलेलं स्तोत्र धडा होतं आणि तोंडाने म्हटलेलं प्रार्थना होतं. मग उपकारस्तुती, पापांची कबुली, आणि शेवटी मध्यस्थी, म्हणजे इतरांसाठी प्रार्थना. मध्यस्थीची यादी वारांत वाटून टाका : सोमवारी घरचे, मंगळवारी शेजारी आणि कामावरचे, बुधवारी मंडळी आणि पाळक, असं. एका दिवशी पाचाहून जास्त नावं नकोत. साठ नावांची यादी रोज म्हटली की तिची हजेरी होते आणि एकाही नावाशी मन थांबत नाही. नावापुढे तारीख घाला. सहा महिन्यांनी मागे वळून बघताना ती उपयोगी पडते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं : नियमाला तळ ठेवा. ताप आहे, दुहेरी पाळी आहे, घरात मयत आहे, अशा दिवशी काय करायचं ते आधीच लिहिलेलं असावं. दिदाखे या आरंभीच्या मंडळीतल्या शिकवणीत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. तोच तळ धरा. सकाळी, दुपारी, रात्री 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', मन लावून, बस. ज्या दिवशी एवढं झालं त्या दिवशी नियम पाळला गेला, असंच धरायचं.

---

वसईकर_मावशी

शब्दसेवकांनी वाचनाचं छान मांडलंय. मी कोरडेपणावर लिहिते, कारण पन्नाशीच्या आसपास लोक मिस्सा (आम्हा कॅथलिकांची उपासना) सोडतात ते बहुधा यामुळे, आणि बाहेरच्यांना वाटतं की श्रद्धा गेली.

कोरडेपणा एक नसतो. निदान तीन वेगळ्या गोष्टी त्या नावाखाली येतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिला हयगयीतून येतो. प्रार्थना टाळली, मनात कुणाबद्दल अढी धरून ठेवली, एखादं पाप सोडायचं नाही असं ठरवलं. इथे उपाय सरळ आहे : पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली), समेट, आणि ठरलेली वेळ पुन्हा धरणं.

दुसरा शरीराचा आणि मनाचा आजार. झोप उडाली आहे किंवा उठवतच नाही, भूक गेली, आवडत्या कशातही रस नाही, आपण कुचकामी आहोत असं सतत वाटतं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर डॉक्टरकडे जायचं. पहिले राजे १९ मध्ये एलीया 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. 'तू येथे काय करत आहेस?' हा प्रश्न त्यानंतर. अशा माणसाला 'तुझी श्रद्धा कमी पडते' म्हणणं हे पाप आहे, मी स्पष्टच लिहिते. आणि कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना.

तिसरा कोरडेपणा वाढीचा असतो, आणि तो ओळखायला क्रुसाचे संत योहान (१५४२–१५९१) यांनी तीन खुणा दिल्या आहेत. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही वाटत नाही. दोन, आपण देवाची सेवा नीट करत नाही ही काळजी मनाला लागून राहते. कोमट माणसाला ती काळजी नसतेच. तीन, पूर्वीसारखं विचार करून, चित्र डोळ्यांपुढे आणून मनन करता येत नाही, प्रयत्न केला तरी. तिन्ही एकत्र हव्यात. नुसत्या पहिल्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका, कारण ती आजारातही असते. हा धोका संतांनी स्वतःच सांगून ठेवला आहे. तिन्ही असतील तर जास्त शब्द, जास्त नवेने (नऊ दिवसांच्या प्रार्थना), जास्त पुस्तकं यांनी काही होत नाही. वेळ तेवढाच ठेवा, शब्द कमी करा, देवासमोर नुसतं बसा. मन भटकलं की एखादं छोटं वाक्य पुरेसं : 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' पौर्वात्य मंडळ्यांत हे वाक्य श्वासाबरोबर म्हणायची जुनी रीत आहे.

आणखी एक नियम येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा, तो भिंतीवर लिहून ठेवावा असा : कोरडेपणाच्या काळात आधी केलेला चांगला निश्चय बदलायचा नाही. मंडळी बदलणं, सेवा सोडणं, नियम टाकून देणं, यातलं काही त्या दिवसांत ठरवू नये. उलट प्रार्थना थोडी वाढवावी. पंधरा मिनिटं ठरली असतील आणि दहाव्या मिनिटाला उठावंसं वाटलं, तर सोळा मिनिटं बसावं.

शब्द सुचत नसतील तर विलापाची स्तोत्रं घ्या. १३ वं स्तोत्र सहा वचनांचं आहे आणि पहिल्या दोन वचनांत चारदा 'कोठवर' विचारतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही. ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे अशी प्रार्थना करायला परवानगी आहे. आमच्याकडे स्तुतीची गाणी भरपूर, विलाप जवळजवळ नाही. म्हणून दुःखातल्या माणसाला रविवारी आपण परके आहोत असं वाटतं.

आता रोजचं विवेकपरीक्षण, म्हणजे दिवसाच्या शेवटी देवासमोर स्वतःला तपासणं. इग्नेशियसच्या साधनेत त्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि सगळ्याला दहा मिनिटं पुरतात. उपकार मानणं, आपलं पाप दिसावं म्हणून प्रकाश मागणं, उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने बघणं, क्षमा मागणं, उद्यासाठी एक निश्चय. अंथरुणावर पडून करू नका, दुसऱ्या पायरीवर झोप लागते. जेवणाची भांडी आवरली की खुर्चीवर बसून.

इथे दोन चुका होतात. लोक पहिली पायरी गाळतात आणि सरळ चुका मोजायला लागतात; काही महिन्यांत परीक्षणाचा जाच होतो. ज्यांचा स्वभावच शंकेखोर आहे, तेच ते पाप पुन्हा पुन्हा सांगायला जातात, त्यांनी एकच धर्मगुरू धरावा, त्यांचं ऐकावं आणि तिसऱ्या पायरीला दोन मिनिटांहून जास्त वेळ देऊ नये. दुसरी चूक म्हणजे एकदम दहा दोषांवर काम करणं. इग्नेशियस एका वेळी एकच दोष घ्यायला सांगतात : सकाळी उठताना निश्चय, दुपारी आणि रात्री किती वेळा घसरलो त्याच्या खुणा वहीत, आणि आठवड्याची आठवड्याशी तुलना. 'राग' असं मोघम लिहू नका. 'सुनेशी, स्वयंपाकघरात, सकाळच्या घाईत' असं लिहा. दोष कुठे राहतो ते कळलं की अर्धं काम झालं.

महिन्यातून एकदा पापनिवेदन ही लयही चांगली. चर्चचा नियम गंभीर पापांसाठी वर्षातून एकदा तरी असा आहे, पण तो किमान आहे.

---

कृपा_पुरेशी

तक्ते, खुणा, मिनिटं. आपलं तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही. हे सगळं करून माणूस परूशी, म्हणजे नियमांचा गर्व करणारा, होणार नाही का? हा प्रश्न मनापासून विचारतो आहे, कारण नियम पाळणारे इतरांना कमी लेखतात हे सगळीकडे दिसतं.

---

शब्दसेवक

प्रश्न रास्त आहे आणि गटाच्या पहिल्याच बैठकीत तो घ्यावा असं मला वाटतं. फिलिप्पैकरांस पत्र २:१२-१३ दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतं : आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. नियमाने देवाचं प्रेम मिळत नाही. ते मिळालेलंच आहे. जिथे तो भेटतो म्हणून त्यानेच सांगितलं आहे, त्या ठिकाणी आपण रोज हजर राहतो, एवढंच आपलं काम. एखादा दिवस चुकला तर दोषी वाटतं की देवाची आठवण येते, यावरून ओळखा. सतत दोषीच वाटत असेल तर नियम महिनाभर फक्त तळापुरता ठेवा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण (१८५८–१९२२) इथे आपल्या घरचं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण धर्म सापडला आणि स्वतः ख्रिस्त नंतर भेटला, अशी साक्ष त्यांनी पुढे लिहिली. मध्ये सुमारे आठ वर्षं गेली. त्या वर्षांत त्या वाचत होत्या, प्रार्थना करत होत्या, विधवांसाठी काम उभारत होत्या. पुढे उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावला सगळं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं आणि शेवटपर्यंत केलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी कुणी पूर्ण होत नाही, आणि साठाव्या वर्षीही शिकणं संपत नाही, हे त्यांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये, छपन्नाव्या वर्षाच्या आसपास, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेही याच जातीचं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, वाढ कशावरून ओळखावी. भावनेवरून नाही. शिबिरातून परतल्यावर माणूस पेटलेला असतो, काही आठवड्यांत ते ओसरतं, आणि मग तो पुढच्या सभेच्या शोधात निघतो. दरवेळी आधीपेक्षा मोठा आवाज लागतो. किती अध्याय झाले यावरूनही नाही. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाची नऊ अंगं आहेत : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातली बहुतेक दुसरं माणूस समोर असल्याशिवाय दिसतच नाहीत. म्हणून साक्षीदारही दुसराच हवा. वर्षातून एकदा नवरा, बायको, भाऊ किंवा जुना मित्र यांना विचारा : गेल्या वर्षापेक्षा माझ्यासोबत राहणं सोपं झालं की अवघड? आणि उत्तर ऐकून वाद घालू नका. तो दिवस नुसता ऐकायचा.

वहीत पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. चूक झाल्यावर माफी मागायला पूर्वी जेवढे दिवस लागत, त्यापेक्षा कमी लागतात का? माझं अहित करणाऱ्यासाठी मी नाव घेऊन प्रार्थना करतो का? पगार किंवा पिकाचा पैसा हातात आला की देवाचा आणि गरिबाचा वाटा आधी बाजूला निघतो की उरला तर? कुणाला कळणार नाही असं एखादं सेवेचं काम दर महिन्याला होतं का? शास्त्रातल्या कुठल्या वचनाने यंदा माझं मत बदलायला लावलं? शेवटच्या प्रश्नाला सलग दोन वर्षं उत्तर सापडलं नाही, तर वाचन चालू असूनही ऐकणं थांबलेलं आहे.

वेळ ३१ डिसेंबरची घ्या. रात्रीच्या उपासनेआधीचे दोन तास यासाठी राखून ठेवता येतात.

---

सांजसोबत

शिफ्टवाले, सेवा करणारे आणि वृद्ध, या तिघांबद्दल.

पाळी बदलणाऱ्यांना घड्याळाची वेळ देऊ नका, घटनेला बांधा : कामावरून आल्यावर हातपाय धुतले की लगेच. रात्रपाळी संपवून आलेल्याने झोपण्याआधी दोन अध्याय वाचू नयेत; फक्त स्तोत्र, बाकीचं उठल्यावर.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर सलग पंधरा मिनिटं मिळत नाहीत, हे गृहीतच धरा. वाचन आजारी माणसाच्या उशाशी मोठ्याने करा, दोघांचं एकत्र होतं. विवेकपरीक्षण सध्या बाजूला ठेवा. ज्याची झोप तुटलेली आहे त्याला आपल्याच चुका मोठ्या दिसतात. गटाने मात्र अशा बाईसाठी आठवड्यात दोन तास तिच्या घरी बसणारं माणूस द्यावं, म्हणजे ती उपासनेला जाऊ शकेल. यासाठी नावांचा तक्ता लागतो. नुसत्या 'काही लागलं तर सांगा' याने ती कधीच सांगत नाही.

म्हातारपणाची तयारी पन्नाशीत करावी लागते आणि ती पाठांतराची आहे. मोतीबिंदू होतो, ऐकू कमी येतं, वाचन सुटतं; पाठ असलेलं उरतं. स्मृतिभ्रंशात आजची तारीख आठवत नाही अशी माणसंसुद्धा लहानपणापासून म्हटलेली प्रभूची प्रार्थना आणि गीतं पुष्कळदा बरोबर म्हणतात. आठवड्याला दोन वचनं या गतीने स्तोत्र २३ (६ वचनं), १२१ (८), १३० (८) आणि १०३ (२२) ही चार स्तोत्रं बावीस आठवड्यांत होतात. आणखी दोन आठवड्यांत शिमोनाचं गीत, लूक २:२९-३२. अनेक परंपरांत ते रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत म्हणतात, आणि मरणाच्या उशाशी त्याच्याएवढं योग्य काही नाही. एकाच भाषांतरातून पाठ करा. दोन भाषांतरं मिसळली की ऐन वेळी जीभ अडखळते. चालीवर असलेलं जास्त टिकतं. टिळकांचे अभंग आणि भजनं आपल्याकडे आहेतच, ती गटात दर वेळी एक तरी म्हणा.

सत्तरीनंतर अध्याय कमी करा, मध्यस्थी वाढवा. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि ज्यांनी दुःख पाहिलं आहे, त्यांच्याइतकी चांगली मध्यस्थी कुणी करत नाही. मंडळीची नावं त्यांच्याकडे लेखी सोपवा, मोठ्या अक्षरांत, आणि काय झालं ते दर महिन्याला त्यांना कळवा. कळवलं नाही तर आपली गरज उरली नाही असं त्यांना वाटतं. घराबाहेर पडता येत नसेल तर पाळकांनी प्रभुभोजन घरी आणावं, ठरलेल्या तारखेला. वाट पाहण्यातही त्या माणसाची तयारी होत असते.

उपवासाचं : मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अन्नाचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॅथलिक नियमातही राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेचा उपवास १८ ते ५९ या वयाला आहे, एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी, आणि आजारी माणसाला त्यातून सूट आहे. वृद्धांनी टीव्ही किंवा फोनचा उपवास धरावा. पुष्कळांना तो जेवणापेक्षा अवघड जातो.

---

उपासक_नगर

मावशी, शब्दसेवक काका, सांजसोबत, मनापासून आभार. तीन वर्षांचा तक्ता करायला घेतला आहे. एक राहिलं. गट कसा चालवावा? आमच्याकडे बायबल अभ्यासाचा गट सुरू होतो आणि वर्षभरात एकच माणूस बोलतो, बाकीचे ऐकतात.

---

वर्गप्रमुख

ते होतं, कारण अभ्यासगट आणि एकमेकांच्या जिवाची काळजी घेणारा गट ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात जाणकार बोलणारच. दुसऱ्याचा उत्तम नमुना अठराव्या शतकातले इंग्लिश धर्मप्रचारक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टलमधल्या इमारतीचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं, साधारण बारा जणांमागे एक प्रमुख नेमला. प्रमुख घरोघरी जाऊ लागला तसं कोण कसं जगतंय ते कळू लागलं, आणि त्यातूनच आठवड्याचा वर्ग उभा राहिला. पैसे गोळा करण्याची सोय हीच चळवळीचा कणा झाली.

आज सहा ते आठ जण पुरे, पंधरा दिवसांतून एकदा, सव्वा तास. प्रश्न एकच : गेल्या पंधरा दिवसांत तुमच्या जिवाचं देवाशी कसं चाललंय? प्रत्येकाला सात मिनिटं, घड्याळ लावून. प्रमुखाने आधी स्वतः बोलावं आणि खरं बोलावं. तो जेवढा खोल जाईल त्यापेक्षा गट सहसा खोल जात नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. प्रत्येकाचं बोलून झालं की डावीकडच्याने त्याच्यासाठी दोन वाक्यांची प्रार्थना करायची. ज्याला बोलायचं नाही त्याने 'पुढे' म्हणावं, पण सलग तीनदा नाही.

बिघडतं ते असं. सासू-सून, नवरा-बायको किंवा मालक-नोकर एका गटात आले की खरं बोलणं बंद. त्यांना वेगळ्या गटांत घाला. बायकांचे आणि पुरुषांचे गट वेगळे ठेवलेले बरे. ऐकलेलं बाहेर गेलं की गट संपला, म्हणून गुप्ततेचं वचन पहिल्या दिवशी तोंडाने घ्या. फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर गुप्तता नाही, हेही त्याच दिवशी सांगा. मंडळीच्या निवडणुकीचा आणि मालमत्तेचा विषय निघाला की प्रमुखाने लगेच थांबवायचा. चहा शेवटी ठेवा. आधी ठेवला तर वीस मिनिटं जातात आणि शेवटच्या दोघांना वेळ उरत नाही.

गट दहाचा झाला की दोन करा, आणि नव्या गटाचा प्रमुख जुन्यातूनच घ्या, आधी सहा महिने शेजारी बसवून. पाळकांनी कुठल्याच गटात कायम बसू नये. त्यांनी सगळ्या प्रमुखांचा एक गट महिन्यातून एकदा घ्यावा. सुरुवात आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी करा, म्हणजे नाताळच्या सुट्यांआधी दोन बैठका होतात आणि लोकांना घडी समजते.

वाचनाचा तक्ता मात्र गटात तपासू नका. किती अध्याय झाले हे विचारायला लागलात की मागे पडलेला माणूस वाचन सोडण्याआधी गट सोडेल.